चढापेक्षा उतार अवघड : फिक्स्ड गिअर सायकल आणि जालन्याचे माळरान

फिक्स्ड गिअर सायकल, जिला तिचे चाहते थोडक्यात ‘फिक्सी’ म्हणतात, ती दिसायला अत्यंत साधी असते: पुढे क्रँकला, म्हणजे पायडलाच्या दांडीला, जोडलेले एक दातेरी चक्र, मागे चाकाला जोडलेले दुसरे आणि दोहोंना बांधणारी साखळी. इतर सायकलींपासून ती वेगळी ठरते ती मागच्या हबमुळे, म्हणजे चाकाच्या मध्यभागी जिथे सर्व आरे येऊन मिळतात त्या भागामुळे. सर्वसाधारण सायकलीच्या हबवर फ्रीव्हील असते. त्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात, जे पायडल पुढे मारताच आतल्या दात्यांत अडकून चाकाला ओढतात आणि पाय थांबले की त्याच दात्यांवरून घसरत राहतात. उतारावर सायकल सोडून दिली की ऐकू येणारी टिकटिक ती हीच. फिक्सीत हे खटके नसतात, मागचे दातेरी चक्र हबवर पक्के आवळलेले असते, आणि त्यामुळे चाक फिरत असेपर्यंत पायडले फिरतात व पायडले फिरत असेपर्यंत पायही फिरतात. स्वाराला दमून पाय थांबवण्याची सोय नाही, गिअर बदलण्याची नाही, आणि उतारावर नुसते बसून राहण्याचीही नाही.

ही रचना नवी फॅशन नव्हे. सायकलीची मूळ रचनाच ही होती. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली आणि जिच्यापासून आजच्या सायकलीचा आकार रूढ झाला, तिचीही पायडले चाकाबरोबर सतत फिरत असत. फ्रीव्हीलचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, आणि तो होईपर्यंत युरोपातल्या डोंगरांत सायकल नेणारे सर्वच जण आजच्या भाषेत फिक्सीस्वार होते. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याची यंत्रणा म्हणजे वय झालेल्यांसाठीची सवलत वाटत असे, आणि त्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. १९१० साली ही शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली तेव्हाही स्पर्धकांजवळ अशी यंत्रणा नव्हती. त्या काळातील प्रचलित तोडगा म्हणजे मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवणे आणि चढाच्या पायथ्याशी उतरून चाक काढून उलटे लावणे. देग्रांज यांच्या हट्टापायी कित्येक स्पर्धकांनी थंडीत गोठलेल्या बोटांनी हे काम केले असेल.

महाराष्ट्रात या सायकलीचे अधिकृत घर म्हणजे पुण्याजवळील बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीतील वेलोड्रोम, म्हणजे वळणांवर तिरपा उभा केलेला अंडाकृती सायकलमार्ग. अशा मार्गावरील शर्यतीत ब्रेक नसलेली फिक्स्ड गिअर सायकलच वापरावी लागते, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला संघातून धावलेल्या महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे या दोघी याच सायकलीवरच्या खेळाडू आहेत. रस्त्यावरची परंपरा मात्र निराळी आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, पण तो मान मिळवणारे स्वार गिअरच्या सायकलींवर असतात. वेलोड्रोमवर चढ नसतो, उतार नसतो, गतिरोधक नसतो आणि समोरून उसाची ट्रॉलीही येत नाही. फिक्सी रस्त्यावर, त्यातही चढउताराच्या रस्त्यावर आणली की तिचे सारे गणितच बदलते. हे गणित समजून घ्यायला सह्याद्रीतला एखादा अवघड घाट निवडण्यापेक्षा मराठवाड्यातला जालना जिल्हा अधिक उपयोगी पडतो, कारण तिथला चढ कुठेच फार मोठा नाही आणि सपाटीही फार वेळ टिकत नाही.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याचे भूरूप नद्यांच्या दिशेने वाचावे लागते. दक्षिण सीमेवर गोदावरी, मधून दुधना, उत्तरेकडे पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या गिरिजा व केळना अशा या नद्या ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि त्यांच्या खोऱ्यांमध्ये बेसॉल्ट खडकाच्या बुटक्या टेकड्यांच्या व माळांच्या पट्ट्या पसरलेल्या आहेत. याचा थेट परिणाम असा की पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता नदीच्या सोबतीने जातो व बराचसा सपाट राहतो, तर दक्षिणोत्तर जाणारा रस्ता एका खोऱ्यातून निघून मधला माळ चढतो आणि पुढच्या खोऱ्यात उतरतो. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग बदनापूर, जालना, परतूर असा गेला आहे, आणि आगगाडीला तीव्र चढ सोसत नसल्यामुळे रेल्वे जिथून गेली त्या बाजूचा प्रदेश सायकलीलाही सोपा, असा अंदाज बांधायला हरकत नाही. उलट जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे जाणारा रस्ता दुधनेच्या खोऱ्यातून पूर्णेच्या खोऱ्यात जातो, म्हणून त्यावर एकामागून एक चढउतार भेटत राहतात. दक्षिणेला अंबड आहे, जिथे मत्स्योदरी देवीचे मंदिर माशाच्या आकाराची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या टेकडीवर उभे आहे. समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो, परंतु तो वेगवान मोटारींसाठी बंदिस्त केलेला असल्याने सायकलस्वाराच्या दृष्टीने तो केवळ पुलाखालून ओलांडण्यापुरता.

आता गिअरचा हिशेब. फिक्सीला एकच गिअर असतो, म्हणून तो निवडणे हा तिच्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, हा आकडा म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल ते गुणोत्तर. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर हे गुणोत्तर २.४४ येते, आणि रस्त्यावरच्या सायकलीच्या नेहमीच्या चाकाचा घेर सुमारे २.१४ मीटर धरला तर पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला सायकल सुमारे ५.२ मीटर पुढे जाते. गावोगावी दिसणाऱ्या काळ्या, दांडीच्या सायकलीचा गिअरही साधारण याच्याच आसपास असतो; दोन पोती कॅरिअरवर लादून माळ चढणाऱ्या शेतकऱ्याच्या सायकलीत आणि शहरी हौशी माणसाच्या फिक्सीत गुणोत्तराचा फरक नाही, फरक फक्त फ्रीव्हीलचा आहे. ४४ आणि १८ दात्यांच्या सायकलीवर मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी २८ किलोमीटर येतो, ६० फेऱ्यांना जवळपास १९, आणि ४० फेऱ्यांना साडेबारा. शहरात मिरवण्यासाठी अनेक जण ४८ आणि १६ असा जड गिअर लावतात, त्यात गुणोत्तर बरोबर ३ येते व सपाट रस्त्यावर वेग छान वाटतो. परंतु राजूरच्या वाटेवर असा गिअर नेणे म्हणजे गुडघ्यांशी वैर घेणे.

चढावर काय घडते हे आकड्यांत पाहिले तर फिक्सीबद्दलची निम्मी भीती कमी होते. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन आणि ३ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर जाताना ३ मीटर उंची, असे धरले तर ४४ व १८ च्या गिअरवर मिनिटाला ६० फेरे राखायला सुमारे १८५ वॉट शक्ती लागते, जी नियमित सायकल चालवणाऱ्याच्या आवाक्यातली आहे. ५ टक्के चढावर फेरे ४० पर्यंत घसरले तर शक्ती १६५ वॉटच्या आसपास लागते, म्हणजे आधीपेक्षा कमीच, पण फेरे मंद झाल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पायडलवर सरासरी २४ किलो वजनाइतका दाब द्यावा लागतो. चढ ८ टक्के झाला की हाच सरासरी दाब ३६ किलोच्या घरात जातो, आणि पाय वरच्या व खालच्या टोकाला असताना दाब जवळजवळ शून्य असल्यामुळे मधल्या भागात तो याच्या दुप्पट होतो. म्हणजे स्वार आपले सगळे शरीर पायडलवर टाकून उभा राहिला तरच सायकल पुढे सरकते. फिक्सीस्वार चढावर खोगीर सोडून उभे राहतात व हँडल हातांनी आळीपाळीने वर ओढतात, त्याचे कारण हे. फिरते चाक पायाला अवघड टोकांतून पुढे नेते, म्हणून चढ हलका होतो, असे फिक्सीचे चाहते सांगतात. चाल अखंड राहते, हा अनुभव खरा आहे. पण चाक जी शक्ती परत देते ती आधी पायांनीच भरलेली असते, तेव्हा फुकट काही मिळत नाही. तरीही यंत्रणा हलकी असते आणि साखळी सरळ रेषेत चालते, म्हणून लहान व तीव्र चढांवर ती कमी पडत नाही. ब्रिटनमध्ये १९४४ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय चढ-शर्यतीत फिक्स्ड गिअरवर उतरणारे स्पर्धक कित्येक वर्षे आघाडीवर राहिले आहेत, अर्थात ती शर्यत माथ्यावर संपते आणि उताराची जबाबदारी कोणावर नसते.

खरी परीक्षा उतारावर होते, आणि नवखा स्वार नेमका इथेच फसतो. तोच ३ टक्क्यांचा माळ उतरताना ब्रेक न लावता सायकल ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास जाऊन स्थिरावते, तेव्हा पाय मिनिटाला १०६ फेरे घेत असतात. हे वेगवान आहे, पण सवयीने जमते. ५ टक्के उतारावर वेग ताशी ४५ पर्यंत चढतो आणि पायांना मिनिटाला १४४ फेरे मारावे लागतात. या गतीला अननुभवी स्वाराचे कंबरेखालचे शरीर खोगिरावर उसळू लागते, पाय पायडलवरून सुटतात, आणि एकदा पाय सुटला की फिरते पायडल नडगीवर येऊन आदळते. म्हणून पाय पट्ट्याने किंवा खटक्याच्या बुटाने पायडलला बांधलेला असणे ही फिक्सीवर ऐट नसून गरज आहे. वेग आवरण्यासाठी स्वार पायांनी उलटा रेटा देतो, म्हणजे पायडल वर येत असताना त्याला खाली दाबून धरतो. यात मांडीचे स्नायू आखडण्याऐवजी ताणले जात असताना जोर लावतात, आणि स्नायूंना सर्वाधिक दुखवणारे काम ते हेच. म्हणूनच पहिल्याच लांब फेरीनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात, चढताना नव्हे.

ब्रेक काढून टाकण्याची जी टूम शहरांमधून पसरली तिच्याविषयी इथे स्पष्ट लिहायला हवे. न्यूयॉर्कमधील पत्रे व पाकिटे पोहोचवणाऱ्या सायकलस्वारांनी ट्रॅकच्या, म्हणजे वेलोड्रोमवरच्या, सायकली रस्त्यावर आणल्या, आणि त्यांचे अनुकरण करणारे तरुण मागचे चाक जागीच अडवून घसरत थांबण्याला कौशल्य मानू लागले. पण थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्या चाकात असते, कारण वेग कमी होताना भार पुढे सरकतो. नुसत्या मागच्या चाकावर घसरत थांबायला कितीतरी अधिक अंतर लागते. शिवाय ४८ व १६ दात्यांच्या सायकलीचे गुणोत्तर पूर्णांक असल्यामुळे एकाच पायाने अडवले तर प्रत्येक वेळी टायरचा तोच एक भाग रस्त्यावर घासतो आणि तिथे लवकरच सूत दिसू लागते, तर ४४ व १८ मध्ये ही झीज ९ जागी वाटली जाते. माळावरच्या रस्त्याला, जिथे डांबर संपताच सैल मुरूम सुरू होतो आणि वळणापलीकडे जनावरांचा कळप असू शकतो, तिथे पुढे एक चांगला ब्रेक तरी हवाच. दोन असतील तर उत्तम.

समूहातून जाताना फिक्सीस्वाराची अडचण ताकदीची नसते, वेगाच्या मेळाची असते. गिअरच्या सायकलीवरील सोबती चढ आला की हलका गिअर टाकून ताशी १० किलोमीटरने गप्पा मारत जाऊ शकतात. फिक्सीवर तो वेग म्हणजे मिनिटाला जेमतेम ३२ फेरे, जे जवळजवळ थांबल्यासारखेच. परिणामी समूहात सर्वांत साधी सायकल असलेला माणूस चढावर सर्वांना मागे टाकून पुढे निघून जातो, आणि ते पाहून इतरांना वाटते की गडी जोर दाखवतो आहे. माथा ओलांडला की चित्र उलटते. सोबती पाय थांबवून त्याच्या बाजूने सुसाट जातात आणि तो मागे पाय गरगरा फिरवत एकटा उतरत राहतो. यावर सामंजस्याचा उपाय असा की त्याला रांगेच्या मध्यात ठेवू नये, चढाच्या आधी उजवीकडून पुढे जाऊ द्यावे आणि उताराच्या पायथ्याशी थोडे रेंगाळावे. मागून येणाऱ्यानेही ध्यानात ठेवायचे असते की फिक्सीस्वार ब्रेकला हात न लावता पायांनीच वेग कमी करू शकतो, त्यामुळे हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधता येत नाही. थांबताना आवाज देणे ही त्याची जबाबदारी. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने आहे: त्याचा वेग धक्क्याधक्क्याने बदलत नाही, त्यामुळे सपाट रस्त्यावर त्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने जाणे सुखाचे असते.

एकट्याच्या फेरीत हा मेळ साधण्याचा प्रश्न उरत नाही, पण दुसरे प्रश्न येतात. पाण्याची बाटली काढणे, घाम पुसणे, मागे वळून पाहणे, हे सर्व पाय चालू ठेवूनच करावे लागते. गावाच्या वेशीवरील गतिरोधकावर इतर स्वार पायडले आडवी धरून सायकल अलगद नेतात; फिक्सीवर ते शक्य नसते, म्हणून वेग आधीच कमी करून, खोगिरावरून किंचित उठून पाय फिरवतच तो ओलांडावा लागतो. वळणावर आत झुकल्यावर खालचे पायडल रस्त्याला टेकू शकते आणि ते थांबवता येत नाही, म्हणून ट्रॅकच्या सायकलींत क्रँकचा धुरा थोडा उंच आणि क्रँक आखूड ठेवलेली असते. थांबल्यानंतर पुन्हा निघायचे तर पायडल उलटे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही, त्यासाठी खोगीर धरून मागचे चाक उचलावे लागते. आणि पश्चिमेकडून पावसाळी वारा सुटला की सपाट रस्त्यालाही चढाचे गुण येतात. अशा दिवशी जाताना पूर्वेला आणि परतताना पश्चिमेला तोंड करणाऱ्याला घर गाठेपर्यंत गिअर जड वाटत राहतो. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या भागात सायकलीला सर्वांत चांगला, मात्र अंगारकी चतुर्थीला राजूरचा रस्ता गणपतीच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो, सायकलीचा नव्हे. लांब पल्ल्याची हौस असणाऱ्यांसाठी ‘ब्रेव्हे’ नावाच्या वेळमर्यादेच्या फेऱ्या भारतातही होतात, ज्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात; हा सरासरी वेग ताशी १५ च्याही खाली येतो, आणि ४४ व १८ च्या गिअरवर तो मिनिटाला ५० पेक्षा कमी फेऱ्यांत मिळतो. फ्रान्समधील १२०० किलोमीटरची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस फेरीसुद्धा ९० तासांच्या आत फिक्सीवर पुरी करणारे स्वार आहेत.

सायकल दुकानदाराच्या दृष्टीने ही सायकल सोपीही आहे आणि फसवीही. तिची साखळी दांडीच्या सायकलीला लागते त्याच अर्ध्या इंचाच्या मापाची आणि अष्टमांश इंच रुंदीची असू शकते, त्यामुळे साखळी कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. हबची गोष्ट तशी नाही. फिक्सीच्या खऱ्या हबवर दोन आटे असतात: दातेरी चक्रासाठी उजवा आटा आणि त्याच्या बाहेर लॉकरिंगसाठी, म्हणजे चक्र जखडणाऱ्या कड्यासाठी, डावा आटा. पायांनी उलटा रेटा दिला की चक्र सैल होऊ पाहते, पण त्याच दिशेने कडे मात्र अधिक घट्ट होते, आणि दोघे एकमेकांना अडवून धरतात. साध्या हबवर हा दुसरा आटा नसतो. त्यावर नुसते चक्र आवळून किंवा फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून ‘फिक्सी’ करून घेणे स्वस्तात पडते, परंतु उतारावर जोराचा उलटा रेटा बसताच ते सगळे सुटून येऊ शकते आणि त्या क्षणी पायांतला ब्रेक नाहीसा होतो. दुसरा धोका साखळीचा. साध्या सायकलीत पायजम्याचा सोगा किंवा ओढणी साखळीत अडकली तर पाय थांबवले की निदान पुढची ओढ थांबते. फिक्सीत चाकाची गती ते कापड आत ओढतच राहते, आणि सायकल उलटी करून चाक फिरत असताना फडक्याने साखळी पुसणाऱ्याचे बोट दात्यांत सापडले तर ते तुटूही शकते.

जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे, जी गोदावरी व तापी यांची खोरी वेगळी करते, आणि तिचा स्वभाव एकांगी आहे: दक्षिणेकडून ती सावकाश उंचावते व उत्तरेकडे खानदेशाच्या बाजूला एकदम तुटते. भोकरदनहून सिल्लोडमार्गे अजिंठा गावापर्यंत जाणाऱ्याला म्हणूनच डोंगर चढल्याची फारशी जाणीव होत नाही, आणि पुढे फर्दापूरकडे उतरणारा घाट अचानक समोर येतो, जो उतरला की परत चढणेही आले. इथे शंभर वर्षांपूर्वीचा दुहेरी हब आजही उपयोगी पडतो. एका बाजूला १८ दात्यांचे पक्के चक्र आणि दुसऱ्या बाजूला २० दात्यांचे फ्रीव्हील ठेवले, तर घाटमाथ्यावर पान्याने दोन नट सैल करून चाक उलटे बसवता येते; दोन दात्यांच्या फरकाने चाकाचा धुरा पुढे सुमारे ६ मिलिमीटर सरकतो, तेवढी जागा फ्रेमच्या आडव्या खाचेत असतेच, फक्त ब्रेकचे रबर रिमवर नीट टेकते की नाही ते पाहून घ्यावे लागते. मग घाट दोन्ही ब्रेकवर, पाय थांबवून उतरता येतो आणि परतीचा चढ थोड्या हलक्या गिअरवर चढता येतो. अजिंठा गावात परत पोचल्यावर चाक पुन्हा फिरवायचे, साखळी वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलेल इतकाच ताण ठेवायचा, कारण सैल साखळी फिक्सीवर चक्रावरून उतरली तर मागचे चाक जागीच जाम होते, आणि मग भोकरदनच्या दिशेने निघायचे.